काकांवरचा संशय

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या काकांना आमचा कुत्रा खपत नसे. "एक दिवस औषध घालीन," असं ते जिन्यात सगळ्यांदेखत बजावायचे. त्यामुळे सत्यनारायणाच्या पूजेनंतर दोन दिवसांनी कुत्रा ओकायला लागला आणि आठवड्याच्या आत गेला, तेव्हा मला पुराव्याची गरजच वाटली नाही. तरी त्यांच्या खिडकीखाली उंदरांच्या औषधाची पुडी शोधली. ती सापडली नाही, तेव्हा माणूस पक्का आहे असं ठरवून टाकलं. पुढे ते समोर आले की मी मान फिरवायचो.

परवा मुलीच्या कुत्र्याला डॉक्टरांकडे नेलं. "द्राक्षं, मनुका अजिबात देऊ नका, किडनी जाते," त्या सहज म्हणाल्या.

मला शिऱ्यातल्या मनुका कधीच आवडल्या नाहीत. पण प्रसाद टाकायचा नसतो. त्या वर्षी उरलेला शिरा दोन दिवस पुरला आणि मी एकेक मनुका वेचून कुत्र्याला भरवली.

काका आता नाहीत. त्यांच्या घरी आपल्या पूजेचा प्रसाद पुन्हा द्यायचा नाही, असं आईला मीच बजावलं होतं.