निबंध कोणी कोणी वाचला

बारावीनंतरच्या शिक्षणासाठी मी बाहेरगावच्या एका खाजगी विद्यापीठात अर्ज केला. त्यांना मार्कांबरोबर एक निबंधही हवा होता, निवड झाली तर पुढे मुलाखत. विषय एका ओळीचा: तुम्ही कोण आहात, ते तुमच्या शब्दांत सांगा. आमच्या इंग्रजी शाळेत निबंध पाठ करायचे असत. ‘माझा आवडता सण’ सगळ्या वर्गाचा एकच, आणि मार्क अक्षराला. स्वतःबद्दल लिहायचं म्हटल्यावर मला कित्येक दिवस एक ओळ सुचली नाही.

मग लिहिलं ते गच्चीबद्दल. मंगरूळपीरला आमच्या गल्लीतून इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच. पुस्तकात दोन मैत्रिणींचे संवाद असत आणि ते घरी जोडीने म्हणून या, असं टीचर सांगत. घरी जोडी कुणाची घेणार? आई-बाबांना ते जमत नव्हतं. गल्लीतल्या मुली मला पाहिलं की ‘मॅडम आल्या, सरका’ म्हणत आणि खरंच सरकत. म्हणून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून एक मैत्रीण व्हायचे, मग जिन्याजवळ जाऊन दुसरी. दुसरी जरा हसरी होती. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. इंग्रजीत सांगता आलं, कारण घरात ते कुणी वाचणार नव्हतं.

अर्ज करणाऱ्या मुलांना मदत करणारी पुण्याची एक ताई व्हिडिओ कॉलवर आमचे निबंध बघायची. ती मन लावून वाचायची, हे खरं.

“किती गोड लिहिलंयस गं,” ती म्हणाली. “पण निवड करणाऱ्यांपुढे निबंधांचा ढीग असतो. यात संघर्ष कुठाय? तू बौद्ध कुटुंबातली, छोट्या गावातली. एवढं सगळं आहे तुझ्याकडे, आणि तू पाण्याच्या टाकीबद्दल लिहितेस?”

“टाकी भरलेली असते आमची,” मी म्हणाले.

ती हसली. “तसं नाही गं. वाचणाऱ्याला तुझ्याबद्दल काहीतरी वाटलं पाहिजे.”

माझ्या आजोबांना त्यांच्या गावात काय सोसावं लागलं, ते मला माहीत आहे. बाबा ते आम्हाला सांगतात, पाहुण्यांपुढे काढत नाहीत. कुणाला तरी काही वाटावं म्हणून ते लिहायला माझा हात वळेना. तरी ताईने सांगितलं तसं मी एकदा लिहून पाहिलं. वाचताना ती दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट वाटली.

माझा मूळ निबंध कागदावर वाचून बघावा म्हणून मी बाबांना प्रिंट आणायला सांगितली. बाबा सरकारी कार्यालयात लिपिक आहेत. बाहेर जाणारा कागद एका तरी वरच्या माणसाच्या नजरेखालून गेला पाहिजे, ही त्यांची नोकरीतली सवय. प्रिंट घेऊन ते परस्पर इंग्रजीच्या एका निवृत्त सरांकडे गेले आणि संध्याकाळी सरांनाच घरी घेऊन आले.

कागद लाल झाला होता. ‘मला बोलायला कुणी नव्हतं’ हे वाक्य खोडून सरांनी वर लिहिलं होतं, ‘मी स्वभावाने मनमिळाऊ असून मला पुष्कळ मित्र-मैत्रिणी आहेत.’

“भाषा चांगली आहे बेटा तुही,” सर चहा पिता पिता म्हणाले. “पन अर्जात असं लिहिते का कोनी, का मी गच्चीवर एकटीच बडबडते म्हनून? अवं, हा चारित्र्याचा दाखला समज. ते पाह्यतीन, हे पोरगी होस्टेलमदी राह्यन का? दोन दिवसांत रडत वापस येईन म्हनतीन.”

आई दारातून म्हणाली, “रांगोळीत पयला नंबर आला होता तिचा. तेही टाका ना सर.”

सरांनी तेही समासात टाकलं.

सर गेल्यावर बाबांनी विचारलं, “गल्ली भरून आपले लोक आहेत. घरात आमी आहोत. तुले काय कमी केलं व आमी?”

“काहीच नाही, बाबा.”

“मंग असं काहून लिहिलं?”

“ते लहानपणचं आहे.”

ते लहानपणचं नव्हतं. बाबांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी माझ्याजवळ तीन निबंध होते. ताईच्या निबंधातली मुलगी शूर होती, सरांच्यातली मनमिळाऊ. दोघींपैकी कुणालाही प्रवेश मिळाला असता, असं मला वाटलं. मी माझा पाठवला. त्यात धाडस काही नव्हतं. मुलाखतीत कुणी पुढचं विचारलं असतं, तर त्या दोघींच्या वतीने मला उत्तर देता आलं नसतं.

मुलाखतीला बोलावलंच नाही. उन्हाळ्यात मेल आला. अर्ज पुष्कळ होते, खेद आहे. निबंधाबद्दल एक शब्द नाही. कुणी वाचला, कुठपर्यंत वाचला, काय कमी पडलं, कशाचाच पत्ता लागला नाही.

बाबा कार्यालयातून आल्यावर मी त्यांना सांगितलं.

“सरांचा पाठवला असता तं?”

“माहीत नाही.”

“वाचला तरी असन का त्याईनं?”

“असेल.”

हातपाय धुऊन ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. एरवी काही हवं असलं तर बाहेरूनच हाक मारतात.

“बोलाचं आहे का काही?” कार्यालयाच्या खिडकीशी आलेल्या माणसाला कामाचं विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

“काय बोलू?”

“मले काय माहीत? तूच लिहिलं होतं ना.”

ते पलंगाच्या कडेला बसले. मग म्हणाले, “आता वाशीमच्या कॉलेजात जाशीन. बस कितीची आहे?”

“सकाळी सातची.”

“सोबत कोनी आहे?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली. त्यांचे प्रश्न तिथेच संपले. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, तेवढा आवाज येत राहिला. बाबा उठले नाहीत. मीही मोबाईल हातात घेतला नाही.