मनाचा तुकडा

अण्णा गेल्याचं मला आमच्या गुजराती गवळ्याने सांगितलं. दुधाचं भांडं उंबऱ्यावर ठेवत तो म्हणाला, "अण्णाकाका गुजरी गया, मास्तर." मी वाडीतल्या त्यांच्या घराकडे चालत सुटलो. याच गवळ्याच्या दुधात पाणी आहे की काय अशी शंका आली, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "अशा वेळी साहेब म्हणतो, मला उंदराचा वास येतोय." त्यांच्या घरच्या वहिनींनी बिचाऱ्यांनी उंदीर शोधायला कपाटं हलवून पाहिली होती...

अण्णा कचेरीत दुभाषी. घरात, बाजारात काहीही घडो, त्याला चपखल इंग्रजी बोल शोधायचा हा त्यांचा नाद. मी इंग्रजी शाळेतला मास्तर, म्हणून परीक्षा माझी. मला त्याचा कंटाळा यायचा, हे खरं.

माझे थोरले बंधू, दादा, सरकारी पागेत घोडे शिकवणारे चाबुकस्वार. छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाने घोडी रक्त निघेपर्यंत मारली, आणि दादा चारचौघांत ओरडले, "साहेबाला बघून घेईन." साहेबाच्या मुन्शीने त्याचा अर्थ लावला, जिवे मारीन. आमच्या संस्थानचे महाराज तेव्हा विलायतेत. दाद कुणाकडे मागणार? चौकशीला दुभाषी म्हणून अण्णा उभे राहिले. त्यांच्या एका वाक्यावर दादांचा तुरुंग ठरणार होता, आणि शेजाऱ्याला पाठीशी घातलं असं वाटलं असतं तर त्यांची स्वतःची नोकरीही गेली असती.

"नेमकं काय म्हणाला हा?" चौकशी करणाऱ्या गोऱ्या अंमलदाराने विचारलं.

अण्णांनी चष्मा काढला. उपरण्याच्या टोकाने काचा पुसू लागले. पुसतच राहिले... दादांच्या जबड्याची शीर उडत होती. मुन्शी अण्णांवरून नजर काढेना. मग चष्मा चढवून अण्णा इंग्रजीत शांतपणे म्हणाले, तो म्हणाला, मी साहेबाला माझ्या मनाचा एक तुकडा देईन. साहेबाच्या बोलीत याचा अर्थ, तोंडावर खडसावीन, एवढंच. अंमलदाराच्या मिशीआड हसू आलं. असा तुकडा त्यालाही घरी मिळत असावा. दादा ताकिदीवर सुटले.

बाहेर आल्यावर दादा पुटपुटले, "अण्णा, मी खरंच त्याला सोडणार नव्हतो."

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "पण मी तिथे सांगितलंय, की तुम्ही त्याला फक्त खडसावणार होतात. आता मला खोटं पाडू नका."

त्यानंतर त्या दोघांत हा विषय निघाल्याचं मला आठवत नाही. मला मात्र कित्येक महिने दादा घरी परतेपर्यंत चैन पडत नसे.

अण्णा गेल्यानंतर, परवा पागेत गेलो होतो. एका नव्या मोतद्दाराने घोड्याच्या तोंडावर काठी मारली. दादांचा हात वर गेला. मी डोळे मिटून घेतले... उघडले तेव्हा दादांनी उपरण्याचं टोक चिमटीत धरलं होतं आणि ते सावकाश चोळत होते. दादांना चष्मा नाही.