सध्या काय सोडवताय?

ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या हॅमिल्टनमधल्या आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात नवीन माणूस दिसला की त्याला ठरलेले तीन प्रश्न विचारले जातात. पुण्याचे की मुंबईचे, इथे किती वर्षं झाली आणि घर घेतलं का. सुनंदाताई यातलं काहीच विचारत नसत. हातातली चकली मोडता मोडता त्या म्हणायच्या, "सध्या काय सोडवताय?"

समोरचा गोंधळायचा. एका गृहस्थांनी खाली बघत "सिगारेट सोडवायचं बघतोय" असं सांगितलं. माझी बायको मंजिरी पहिल्याच भेटीत म्हणाली, "पोरांची भांडणं."

"किती पोरं?"

"दोन."

"मग सोपं आहे. तीन असती तर उत्तर निघेलच अशी हमी नव्हती."

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "मी ॲनालिस्ट आहे."

"ते पगाराच्या कागदावर. सोडवताय काय?"

मी मुंबईला गणितात एम.एस्सी. केलं होतं आणि इथे दर सोमवारी एकाच तक्त्यात नवे आकडे भरून वर पाठवत होतो. प्रश्न असा कुठला नव्हताच.

ताईंचे यजमान इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते. ताई एका दूध कंपनीत होत्या. कुठला टँकर सकाळी कुठल्या गोठ्यावर जाईल आणि कुठल्या रस्त्याने परतेल, हे त्यांच्या गणितावर ठरायचं. अंगाने बारीक, केस आखूड कापलेले, आणि थंडीतसुद्धा मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. महिन्यातून एकदा त्या ऑकलंडला गणितज्ञांच्या संस्थेच्या सभेला जात. "चल, गाडीत जागा आहे," त्या एकदा म्हणाल्या. तोवर मी "तू" झालो होतो.

मी हिशोबी माणूस आहे. बॉम्बे नावाची टेकडी उतरून पुकेकोह्याचा फाटा आला तेव्हा मी सरळ विचारलं, "ताई, वर्गणी भरायची, इतकं पेट्रोल जाळायचं, एक संध्याकाळ घालवायची. सभासद होऊन मिळतं काय?"

"नियतकालिक येतं. व्याख्यानं असतात. चहाबरोबर बिस्किटं बरी असतात."

"आणि?"

मग त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली.

पुण्यात त्या कॉलेजात शिकवत, पीएच.डी. झालेल्या. इथे आल्यावर त्यांच्या पदवीचं काय करायचं, हे कोणालाच कळेना. आठ-नऊ वर्षं त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात काढली. इथे त्या दुकानाला डेअरी म्हणतात. ब्रेड, दूध, वर्तमानपत्रं विकायची आणि सुटे पैसे मोजून द्यायचे. एकदा लायब्ररीत संस्थेच्या जाहीर व्याख्यानाचा कागद लावलेला दिसला, म्हणून त्या गेल्या. नंतरच्या चहाला एक म्हातारे गोरे गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले आणि सहज म्हणाले, "सध्या तुम्ही कशावर काम करताय?"

"हा प्रश्न मला त्या सगळ्या वर्षांत कोणी विचारला नव्हता रे. आणि चक्क खोटं बोलले. म्हटलं, दुधाच्या टँकरवर."

"टँकर कुठून आले?"

"दुकानाच्या खिडकीतून रोज जाताना दिसायचे. कधी भरलेले, कधी रिकामे, एकामागे एक दोन. मला वाटायचं, हे असे का जातात? एवढंच माझं काम. तर ते गृहस्थ म्हणाले, 'छान. पुढच्या महिन्यात सांगा, कुठवर आलं ते.' आता आली का पंचाईत! महिन्याभरात ते खोटं खरं करायला लागलं."

त्या खोट्याचं पुढे खरोखर काम झालं. कामातून संस्थेत एक व्याख्यान झालं, आणि ते ऐकायला आलेल्या एका बाईंनी त्यांना दूध कंपनीचा रस्ता दाखवला. "डेअरीतून डेअरीत," असं त्या सांगत आणि स्वतःच हसत. "फायदा विचारलास ना? पुढच्या महिन्यात कोणीतरी पुन्हा विचारणार आहे, हाच फायदा. बाकी बिस्किटं."

मी सभासद झालो. दोन वर्षांनी त्या सनदेसाठी मागे लागल्या. आपल्याकडे सनदी लेखापाल असतात, तसे गणितातही असतात, हे मंजिरीला पटेना. "सनदी गणिती? म्हणजे वाण्याचं बिल आता सहीशिक्क्याने तपासणार?" पण त्याचं काम गंभीर असतं. आपण काय केलं ते मांडायचं, आपलं काम जाणणाऱ्या जुन्या सभासदांनी त्याला दुजोरा द्यायचा, मग मुलाखत. शिवाय दरवर्षी सांगायचं की मी अजून हे काम करतो, शिकतो आणि मला जे येत नाही त्यावर सही करत नाही. माझ्या कामाला ताईंनी दुजोरा दिला. पुढे औषधं पुरवणाऱ्या एका संस्थेत मी नोकरीसाठी गेलो, तेव्हा मुलाखत घेणाऱ्याला मुंबईच्या पदवीचं वजन कळत नव्हतं, सनदेचं कळलं. हा फायदा मी कुणालाही रोख सांगू शकतो.

ताई तो फायदा मोजत नसत. एकदा त्यांच्या कंपनीत टँकर कमी करायचं घाटत होतं. साहेबांनी हिशोबाला हिवाळ्याचे आकडे दिले होते. तेव्हा गाई आटलेल्या असतात. वसंतात सगळ्या गाई व्यायल्या की दूध कितीतरी वाढतं, ते आकडे त्यात नव्हते. सुनंदाचं "सू" करणारे साहेब म्हणाले, "सू, सही ही नुसती औपचारिकता आहे." ताई म्हणाल्या, "नोकरी तुमची आहे. सही माझी आहे. वसंताचे आकडे घाला, लगेच करते." साहेबांनी कुरकुरत आकडे घातले आणि टँकर होते तितकेच राहिले. ही हकिगत सांगून त्या मला म्हणाल्या, "साहेबाला नाही म्हणायला एकट्या माणसाचा आवाज पुरत नाही. आपल्यामागे कोणीतरी उभं आहे असं वाटावं लागतं. सनद म्हणजे तेवढंच."

मग एका सभेहून परतताना बॉम्बेचा चढ संपला आणि त्यांनी मला विचारलं, "आपण जातोय की येतोय?" मला वाटलं, थट्टा आहे. ती थट्टा नव्हती.

आजाराचं नाव डॉक्टरांनी लवकरच सांगितलं. काही महिन्यांनी त्यांनी मला घरी बोलावलं, पोहे पुढे ठेवले आणि म्हणाल्या, "नावापुढची सनदेची अक्षरं मी परत केली."

"अहो, कशाला? तुम्हाला अजून सगळं येतंय."

"सकाळी येतं. दुपारी तेच पान परक्याचं वाटतं."

"ताई, राहू दे ना. कोण तपासायला येणार आहे?"

"कोणी येत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणूनच."

पोहे गार झाले. त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. मग हळूच म्हणाल्या, "आता कोणी विचारलं की काय सोडवताय, तर पुन्हा खोटं बोलावं लागणार. आणि या वेळी ते खरं करता येणार नाही." इतक्या वर्षांत त्यांना दुखावलेलं मी तेवढंच पाहिलं.

पुढे यजमानांनी त्यांना मुलीकडे, केतकीकडे, जॉन्सनव्हिलला नेलं. हॅमिल्टनहून गाडीने तिथे जायला अख्खा दिवस लागतो. मी गेलो तेव्हा त्या गॅलरीत उन्हात बसल्या होत्या, पायात मोजे, मोज्यांवर जँडल्स. केतकीने माझं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ओळख पटली नव्हती. नातू इंग्रजीत म्हणाला, "आजी, ही इज युअर फ्रेंड." त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि आदराने विचारलं, "सध्या काय सोडवताय?"

मी सांगितलं. लहान गावांतल्या दवाखान्यांत औषधं किती ठेवायची? कमी ठेवली तर संपतात, जास्त ठेवली तर मुदत टळून फेकावी लागतात. प्रत्येक गावाचं गणित मी मांडलं होतं आणि वर्षभर तिथेच अडलो होतो. त्यांनी मधे न बोलता ऐकलं. म्हणाल्या, "छान. पुढच्या महिन्यात सांगा, कुठवर आलं ते."

तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी फोन करायचो. केतकी फोन त्यांच्या कानाशी धरायची. मागचं काहीही त्यांना आठवत नसे, त्यामुळे दर वेळी मी पहिल्यापासून सांगायचो. कधीच न ऐकलेल्या माणसाला सांगायचं म्हणजे शब्द साधे करावे लागतात, गृहीत धरलेलं उघडं करावं लागतं. एका रविवारी त्यांनी मला मधेच थांबवलं.

"ही गावं एकमेकांशी बोलत नाहीत का?"

"म्हणजे?"

"एकीकडची साखर संपली तर शेजारणीकडे वाटी नाही पाठवत?"

मी प्रत्येक गाव वेगळं धरलं होतं. का धरलं, ते मलाही सांगता आलं नसतं. दोन शेजारची गावं एकत्र मांडली आणि गणित हललं. पुढच्या खेपेला मी म्हणालो, "ताई, सुटलं. वाटीभर साखरेनं सुटलं."

वाटी त्यांना आठवत नव्हती. पण सुटलं म्हटल्यावर त्या मनापासून हसल्या, जुन्यासारख्या. "वा! मग आता काय सोडवताय?"

"अजून काही धरलं नाही."

"धरा. पुढच्या महिन्यात सांगा."

पुढचा रविवार यायच्या आधीच केतकीचा फोन आला, ताई गेल्या.

मी सभांना अजून जातो. चहाच्या वेळी लोक विचारतात, मी उत्तर देतो, बिस्किटं बरी असतात. नवं गणितही धरलं आहे. त्यातलं बरंचसं अजून अडलेलं आहे. महिन्यातल्या त्या फोनच्या रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात उभा राहतो आणि ते गणित पहिल्यापासून, साध्या शब्दांत, मोठ्याने सांगतो. मंजिरी गॅस बारीक करते. ताईंनी विचारलं होतं, आणि कुठवर आलं ते मला अजून सांगायचं असतं.