काटा वर येईपर्यंत

पेरणीसाठी शेंगा फोडत बसलो होतो आम्ही दोघं, ओट्यावर. बायकोबरोबरचं माझं ते शेवटचं काम. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट.

तिचं काळीज फुगलंय, असं राहुरीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. रोज सांजेला एक बारकी गोळी. पण आधी मनगटाची नाडी मोजायची. मिनिटाला साठच्या खाली भरली तर गोळी द्यायची नाही, गोळीनं नाडी आणखी मंदावते. मेव्हण्याचं घड्याळ मागून आणलं. मला ते वाचता येत नव्हतं. बारीक काटा वरून निघून वर आला की मिनिट, एवढंच ठाऊक. आणि मोजणी आमची विसाची. वीस ठोके झाले की एक शेंगदाणा बाजूला ठेवायचा. तीन दाणे झाले तरच गोळी. आता पुतण्याच्या मनगटावरचं घड्याळ आपलं आपण ठोके मोजतं. तेव्हा मोजणारा मीच, आणि चुकलो तर विचारायचं कुणाला?

त्या सांजेला तिच्या बांगड्या वर सारल्या, नाडी धरली. काटा फिरून वर आला. खाली बघतो तर दाणा एकच.

"खाल्लास?"

"मग! रोज मांडताय, खायाला कदी देत न्हाई."

"अगं, जिवाशी खेळ हाय ह्यो!"

"जीव माजा, आन् घाम तुमाला?"

तिचा मोकळा हात गुडघ्याखाली दाबून परत मोजलं. दोन दाणे ठेवले. तिसरा चिमटीतच राहिला आणि काटा वर आला. ठोकाही सरळ नव्हता; एक यायचा, मग दुसऱ्याची वाट बघावी लागायची. गोळी डबीत परत टाकली.

"उद्या पयल्या यष्टीनं राहुरी," म्हणलं.

"मंग येताना बांगड्या भरू. ह्या लई ढिल्या झाल्यात."

सकाळी हाक मारली, तर ती उठली नाही. हात गार. गार म्हणजे काय ते मला कळत होतं, मी काय खुळा नव्हतो. तरी बांगड्या वर सारल्या. घड्याळाला चावी दिली. सुपातले तीन दाणे घेतले. काटा पुरा फिरला, दाणे मुठीतच. मी परत बघत बसलो.

धाकट्या भावाची बायको धावत आली. "भाऊजी, सोडा आता त्यांचा हात."

"थांब," म्हणलं, "काटा वर येऊ दे."