आईला टॅबच बरा

मला टॅब नको, लॅपटॉप हवा, हे मी घरातून निघताना सांगितलं, लिफ्टमध्ये सांगितलं आणि गाडीत पट्टा लावता लावता पुन्हा सांगितलं. "हो गं आई, बघूया ना," असं माझा मुलगा तिन्ही वेळा म्हणाला. 'बघूया ना' म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. तो लहानपणी सायकल मागायचा तेव्हा मीही हेच म्हणायचे.

लॅपटॉप कशाला ते आधी सांगते, नाहीतर म्हातारीला काय हौस सुटली असं वाटायचं. मिरजेला एका वकीलसाहेबांकडे मी एकतीस वर्षं टायपिंग केलं. आधी टायपरायटरवर, मग कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच बोटांनी त्याच्यावर. दावे, कैफियती, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं. मराठी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाले होते. बटणांकडे मी बघत नाही, कागदाकडे बघते. आणि कागद तरी कसला! वकीलसाहेबांचं अक्षर म्हणजे शाईत बुडवून सोडलेली मुंगी. ते त्यांचं त्यांना लागायचं नाही, मला लागायचं. "बाई, इथे मी काय लिहिलंय हो?" असं ते मलाच विचारायचे.

यजमान गेले, त्यानंतर सात महिन्यांनी मी न्हाणीघरात पडले. सकाळी सहाला पडले ते दहाला कामवाली येऊन हाका मारेपर्यंत ओल्या फरशीवर तशीच. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे खुब्याचं ऑपरेशन तिथेच झालं आणि चांगलं झालं. मुलगा बेंगळुरूहून धावत आला होता. टाके निघाल्यावर तो मला इकडे घेऊन आला. "पंधरा दिवस आराम कर, मग बघू," म्हणाला. त्या पंधरा दिवसांना आता दीड वर्ष होत आलं.

घर महादेवपुऱ्यात, बाराव्या मजल्यावर. मुलगा आणि सून दोघंही कॉम्प्युटरवाले. दोघं चांगले आहेत हो, उगाच पाप का घ्या! सून मला भाकरीचं पीठ कुठून कुठून शोधून आणते. पण दिवसभर त्यांच्या खोल्यांची दारं बंद असतात आणि आतून इंग्रजी ऐकू येतं. खाली गेले की गेटवरचा वॉचमन उठून उभा राहतो, "अम्मा, एल्लिगे?" कुठे निघालात, म्हणजे. मिरजेची असल्याने तेवढं कानडी मला कळतं. "इथंच," म्हटलं तरी तो फोन काढतो आणि मुलाला कळवतो. मुलानेच सांगून ठेवलंय त्याला. मग दोन मिनिटांत माझा फोन वाजतो. "आई, कुठे निघालीस? रस्त्यावर गाड्या किती आहेत बघितल्यास ना?" कोथिंबिरीची जुडी आणायला निघाले तर ही तऱ्हा! मी तशीच परत फिरते. एकतीस वर्षं पायी कोर्टात गेलेली बाई मी, आणि आता मला रस्ता ओलांडायची बंदी. संताप होतो नुसता.

अशात एक दिवस वकीलसाहेबांचा फोन आला. "बाई, तुमच्यासारखं काम कुणी करत नाही. चुकांनी जीव नकोसा केलाय. तुम्ही एक लॅपटॉप घ्या. मी मसुद्यांचे फोटो पाठवतो, तुम्ही टाईप करून धाडा." मला काय वाटलं ते कसं सांगू! मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर बोटं वाजवून पाहिली. दहाच्या दहा जागेवर होती.

त्याच दिवशी जेवताना मी दोघांना सगळं सांगून टाकलं. मी काही चोरून ठेवणारी नाही. म्हटलं, लॅपटॉप आणू, दोन महिने इथे बसून काम करते, हात बसला की मिरजेला आपल्या घरी जाते. काम असलं की वकीलसाहेबांकडचं माणूस रोज येईल जाईल, मी एकटी नसेन. मुलाने पोळीचा तुकडा मोडला आणि आमटीत तसाच धरून ठेवला. "बघूया," म्हणाला.

घरात दोन लॅपटॉप होते, पण दोन्ही कंपनीचे. त्यांना दुसऱ्याने हात लावायचा नाही, असा नियम. म्हणून विकतच घ्यायचा होता. खालच्या बागेत बाकावर एक अक्का भेटायच्या. बसवनगुडीतलं त्यांचं जुनं मराठी घर, आता लेकीकडे आल्या होत्या. त्यांचं मराठी निम्मं कानडी. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "टॅब घ्या की! लॅपटॉप मांडीवर तापतोय, स्वल्प जड पण असतोय. माझा टॅब मी डब्याला टेकवून ठेवते, भाजी निवडत बघते." मी म्हटलं, "अक्का, मला बघायचं नाहीये, काम करायचंय." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "ह्या वयात?" म्हणाल्या. त्यांचंही बरोबर. त्यांना बघायचं होतं, त्यांना टॅब बरा.

दुकान मोठं होतं, थंडगार. विकणारा पोरगेला माणूस मुलाशी इंग्रजीत बोलत होता, आणि मी दोघांच्या मध्ये उभी. "अम्मा के लिए टॅब बेस्ट है सर," हे तेवढं हिंदीत, मला कळावं म्हणून. "भजन, व्हिडिओ कॉल, अक्षर बडा." मी म्हटलं, भजन घरी करेन, आधी तो लॅपटॉप दाखव. त्याने एक उघडून ठेवला. मी पर्स मुलाकडे दिली, उभ्या उभ्याच बोटं ठेवली आणि प्रतिज्ञापत्राची पहिली चार वाक्यं धडाधड मारली. तोंडपाठच आहेत ती. आजूबाजूचे दोघं-तिघं बघायला लागले. विकणारा वाकून पडद्याकडे बघत म्हणाला, "अम्मा, ये क्या लिखा आपने?" पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरं, ना शेंडा ना बुडखा.

"अरे बाबा, मराठी घाल की आधी त्यात! त्याशिवाय कसं उमटेल?" मी म्हटलं. पण तो हसला होता, आणि बघणारेही हसले. म्हातारी नुसतीच बटणं बडवतेय असं वाटलं त्यांना. मुलगा हसला नाही. त्याला माहीत होतं मी काय टाईप केलंय ते. लहानपणी शाळा सुटली की माझ्या टेबलाखाली बसून अभ्यास करायचा तो. मी त्याच्याकडे बघितलं, आता हा सांगेल म्हणून. त्याने नजर चुकवली आणि विकणाऱ्याला म्हणाला, "टॅबच द्या." मला म्हणाला, "आई, लॅपटॉप तुला झेपायचा नाही गं. अपडेट असतात, व्हायरस असतात. कोण बघणार?" भर दुकानात काय बोलणार? माझ्या हातात पिशवी आली आणि आम्ही बाहेर पडलो. गाडीत त्याने गाणी लावली नाहीत.

टॅब त्यानेच चालू करून दिला. त्यात म्हणे मेलचं खातं घालावं लागतं, त्याशिवाय तो चालतच नाही. माझ्यासाठी नवीन खातं काढायचं, त्याचा पासवर्ड मी विसरायचा, नसती उठाठेव, म्हणून त्याने स्वतःचंच घातलं. इकडची सगळी मुलं असंच करतात. अक्कांच्या टॅबमध्येही लेकीचंच खातं, आणि त्यांना रोज लेकीच्या साड्यांच्या जाहिराती दिसायच्या. "झालं, आई. तुला काहीच करायचं नाही," मुलगा म्हणाला. मी काचेवर एक बोट ठेवून बघितलं. गुळगुळीत. बोट कुठे आहे ते बोटालाच कळेना. एकेका अक्षराला डोळे फाडून बघायचं, मग टोचायचं. कोंबडी दाणे टिपते तसं टाईप करायचं का मी?

तरी म्हटलं, चला, ह्यालाच जोडायचा वेगळा कीबोर्ड मिळतो असं ऐकलंय, तो मागू. तेवढ्यात वकीलसाहेबांचा फोन आला. नेहमी मोठ्याने बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज खाली. "बाई, टायपिंगचं आता राहू द्या. हल्ली नुसतं बोललं की आपोआप टाईप होतं म्हणे. माणूस लागत नाही." मी म्हटलं, बरं झालं, तुमची सोय झाली. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली गाड्यांच्या रांगा. एकतीस वर्षं मी जे केलं ते आता कुणालाच नको, असं वाटून मला रडू आलं, आणि मी रडले. नंतर तोंड धुऊन वरणाला फोडणी दिली.

पुढे आठ-दहा दिवसांनी, सकाळी, मी टॅबवर रव्याच्या लाडवांचा व्हिडिओ बघत होते. वर एक पट्टी आली आणि तिच्यात वकीलसाहेबांचं नाव. मला वाटलं, मलाच काहीतरी पाठवलंय. मी बोट लावलं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. मी एकेक शब्द ओठांनी जुळवत वाचलं. "तू सांगितलंस तसं मी बाईंना सांगितलं, पण मनाला लागून राहिलंय. टायपिंगचे माझे हाल काही संपले नाहीत. पुन्हा एकदा विचार कर."

खाली मुलाने आधी पाठवलेलं पत्र होतं. "काका, आईला काम देऊ नका, प्लीज. काम सुरू झालं की ती मिरजेला परत जाणार. मागच्या वेळी ती चार तास फरशीवर पडून होती आणि मी इथे मीटिंगमध्ये होतो. मी पुन्हा ते सहन करू शकणार नाही. तिला काहीतरी कारण सांगा. माझं नाव सांगू नका."

मी ते तीनदा वाचलं. अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे दुकान, टॅब, व्हायरस, सगळं नाटक! आणि मी वेडी गॅलरीत उभी राहून स्वतःला टाकाऊ समजत होते. पण 'मी इथे मीटिंगमध्ये होतो' ह्या ओळीवर माझा राग अडायचा. पुन्हा पहिल्यापासून वाचायचे, पुन्हा तिथेच अडायचा. आपलेच दात अन् आपलेच ओठ.

मग माझ्या लक्षात आलं की इथूनच उत्तर देता येतं. खातं मुलाचं. मी नुसतं 'आईला काम पाठवा' असं लिहून दिलं तर वकीलसाहेबांना ते मुलानेच लिहिलंय असं वाटणार, आणि ते खुशीने पाठवणार. कुणाला काय कळतंय? त्या काचेवर एका बोटाने मी ते तीन शब्द टोचले. बराच वेळ लागला. पण खोट्या सहीचे दावे मी जन्मभर टाईप करत आले, त्यांचं काय होतं ते मला माहीत आहे. मी पुढे आणखी लिहिलं, "हे मीच लिहिते आहे, बाई. मला सगळं कळलं आहे." आणि पाठवलं.

अर्ध्या तासात उत्तर. "बाई, मला क्षमा करा. मुलाशी बोलून घ्या. तो हो म्हणाला की त्याच दिवशी पाठवतो." घ्या! अडुसष्ट वर्षांची बाई मी, आणि माझ्या कामाला पोराचा होकार पाहिजे. मी टॅब सोफ्यावर फेकला. फुटला नाही.

पत्रं मुलाच्याच खात्यातली, त्यामुळे त्यालाही सगळी दिसली असणार. एरवी ऑफिसात जायच्या दिवशी अंधार पडल्यावर येणारा मुलगा त्या दिवशी दुपारीच आला. बूट न काढता माझ्यासमोर येऊन बसला. मी त्याला काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं आणि बोललेही. तू मला कोंडून घातलंस, म्हटलं. माझ्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून दुसऱ्याकडून खोटं वदवलंस. माझा हात चालतो हे ठाऊक असून दुकानात लोकांना हसू दिलंस. तो मान खाली घालून ऐकत होता.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "चुकलं माझं, आई. आत्ता उठ, आपण जाऊन लॅपटॉप आणू. मी काकांना आज सांगतो. फक्त एक सांग. तू काम इथेच करशील ना? मिरजेला नाही ना जाणार?"

त्याचे डोळे भरले होते. नाही जाणार, एवढं म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत लॅपटॉप घरात आला असता, आणि पुढचं पुढे पाहता आलं असतं. ते मला दिसत होतं. त्यालाही बहुतेक दिसत होतं.

"जाईन," मी म्हटलं.

त्याने वाकून बुटाच्या नाड्या सोडायला घेतल्या.