सुलतान बाजारात पाच डबे

"पीछे हटो! और पीछे!" हवालदार ओरडला आणि मी मिरची भज्यांची पुडी छातीशी धरून मागे सरकले. बसथांब्याच्या खांबाला सुतळीने स्टीलचा डबा बांधलेला होता. पोलिसांनी त्याच्याभोवती दोर लावला होता. सुतळीची गाठ माझी होती.

डबा रेखाताईचा. रेखाताई माझी आतेबहीण, हैदराबादला मलकपेठेत राहते. दुसऱ्या दिवशी सुलतान बाजारातल्या एका गल्लीत तिचं फराळाचं दुकान उघडणार होतं. त्यासाठीच मी सोलापूरहून आले होते.

जाणाऱ्यांसाठी सांगते. मलकपेठेहून मेट्रोने निघा, एमजीबीएसला गाडी बदला, पुढचंच स्टेशन सुलतान बाजार. ऑटोच्या नादी लागू नका. उतरल्यावर आधी मिरची भजी खा. इथली मिरची लांबलचक असते आणि तिच्या पोटात चिंचेचं सारण असतं. पुस्तकं आणि कापड त्यानंतर बघा.

डब्यांची कल्पना ताईचीच. ती आधी हायटेक सिटीत नोकरी करायची. तिथल्या रुंद रस्त्यांवर तिने कोड्यात बोलणाऱ्या जाहिराती पाहिल्या होत्या. तिने पाच डब्यांत बेसनाचे लाडू भरले आणि प्रत्येकावर कागद चिकटवला: 'उघडू नका. उद्या सांगू.' सकाळी आम्ही ते पाच ठिकाणी बांधून आलो. डबे घरचेच, म्हणजे प्रत्येक झाकणावर तिच्या सासऱ्यांचं, आप्पांचं, नाव कोरलेलं. आमच्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं फडताळात जात नाही.

या शहराला बेवारस डब्याची भीती उगीच वाटत नाही. गर्दीच्या वेळी काय होऊ शकतं हे या रस्त्यांना माहीत आहे. गाठ मारताना ते आम्हा दोघींच्याही मनात आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दुपारी आम्ही आप्पांना घेऊन दुकान सजवायला आलो, तर रस्ता बंद. शटरं धडाधड खाली येत होती. इन्स्पेक्टर दुर्बिणीतून कागद वाचायचा प्रयत्न करत होते. गर्दीतला एक कापडवाला मदतीला धावला. त्याला मराठी येत होतं.

"खोलो मत लिखा है, साब. कल बोलेंगे लिखा है."

गर्दी आणखी मागे सरली. मग कुत्रं आणलं. त्याने डबा हुंगला आणि समोर शांत बसलं. कुत्रं बसलं म्हणजे आत काहीतरी आहे, असं कोणीतरी म्हणालं.

"हुशार आहे," आप्पा म्हणाले. "साजूक तूप ओळखतं."

"आप्पा, हळू!"

तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला. "माणिकराव! माणिकराव कौन है?"

आप्पांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. ताईने तो खाली ओढला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, "ताई, आता बोललीस तर आत टाकतील. उद्याचं दुकान..."

इन्स्पेक्टरांच्या हातातला वायरलेस खरखरला. बाळंतिणींच्या दवाखान्याच्या फाटकाशी आणखी एक डबा सापडला होता. पेशंटना बाहेर काढायचं का, असं तिथून विचारत होते.

"दुकान गेलं खड्ड्यात," ताई म्हणाली. "तिथं ओल्या बाळंतिणी आहेत."

ती दोराखालून वाकून आत गेली. "साब, मेरे डब्बे हैं. लड्डू हैं. पाँच हैं, पाँचों में लड्डू."

"कायकू बांधे, अम्मा?"

"दुकान की जाहिरात, साब."

"ऐसी जाहिरात?" इन्स्पेक्टरांनी डब्याकडे बोट केलं. "लड्डू है बोलते ना? खाके बताओ."

ताईने गाठ सोडली, झाकण काढलं आणि अख्खा लाडू तोंडात घातला. संपूर्ण सुलतान बाजार तिला चावताना बघत होता. त्या शांततेत आप्पा ओरडले, "अगं सूनबाई, नैवेद्य व्हायचाय अजून!"

कापडवाल्याने ते सगळ्यांना हिंदीत सांगितलं. गर्दी हसली. इन्स्पेक्टर हसले नाहीत. त्यांनी वायरलेस उचलला. "कोई मत हिलाओ. लेटे रहने दो सबको." मग ताईकडे वळून म्हणाले, "बाकी के डब्बे अब्बी उतारो. कल सुबह पहले ठाणे, दुकान बाद में."

"हौ साब," ताई म्हणाली. तोंड अजून भरलेलंच होतं.

उरलेले डबे आम्ही दोन हवालदारांबरोबर फिरून उतरवले. प्रत्येक ठिकाणी ताईने हात जोडले. दवाखान्याच्या फाटकावरच्या आयाबाईंनी तिला भरपूर सुनावलं आणि तिने सगळं ऐकून घेतलं. कुत्र्याला मात्र लाडू मिळाला नाही. ड्युटीवर चालत नाही म्हणे.

हे सोलापुरात बसून लिहिते आहे. हैदराबादला काय पाहिलं, असं लोक विचारतात. चारमिनार राहिला. मी एक बाई दोराखालून वाकून आत जाताना पाहिली. लाडवांची गोष्ट मी सगळ्यांना हसवत सांगते, पण तिथे आले की माझा आवाज थोडा खाली जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आधी ठाण्यात गेलो. ताईने पुन्हा असं करणार नाही असं लिहून दिलं. मुहूर्त टळला होता, तरी आप्पांनी नैवेद्य दाखवला आणि शटर वर गेलं. पहिला आला तो कापडवाला. काल दुकान बंद ठेवावं लागलं, हे ऐकवायला आला होता. ते ऐकवून झाल्यावर पाव किलो शेव घेऊन गेला.