बंदरापर्यंत आलेली मालगाडी

परवा रेल्वे फाटकापाशी बाबा कितीतरी वेळ उभे होते. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

बाबांनी नोकरीभर बंदरांचे आराखडे केले. आमच्या गावचं बंदर त्यांच्या फार जिव्हाळ्याचं. त्याच्या धक्क्याला पैसे मंजूर झाले, पण तिथून देशावर जाणाऱ्या रेल्वेमार्गाला काही मिळाले नाहीत. विदर्भातला कापूस इथवर येईना, म्हणून जहाजंही फिरकेनात. बाबा प्रत्येक बैठकीत रेल्वे मागत राहिले आणि ती मागतच निवृत्त झाले.

यंदा रूळ आले. पहिली मालगाडी बघायला मी आईबाबांना मोटारीनं घेऊन गेले. कापसाच्या गाठींनी भरलेले डबे संथ पुढे सरकत होते. बंदर समुद्राचं असतं, असं आपण समजतो. त्याचा अर्धा जीव मात्र दूर कुठेतरी काळ्या मातीत असतो, हे मला बाबांच्या चेहऱ्याकडे बघताना उमगलं.

"अहो, आत येऊन बसा, पाय दुखतील," मोटारीतून आई म्हणाली.

"इतक्या लांबून आलीय गं ती. बसून कसं स्वागत करायचं?"

आई हसली, खाली उतरली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.